भिंतीला तुंबड्या

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. ताई फोनवर तिच्या मुलाबद्दल एवढंच म्हणाली, आणि आठवडा झाला, तो न्हावी डोक्यातून जात नाही. तुंबडी म्हणजे पोकळ शिंग नाहीतर वाळका छोटा भोपळा. अंगाला लावून नासकं रक्त ओढून काढायचं. भिंतीला रक्त कुठलं? मग तो वेळ घालवत होता की हात बसवत होता? गिऱ्हाइकाच्या पाठीवर हात चुकला तर जखम होते, भिंत मात्र सोसते. सुश्रुतसंहितेतही शिष्यांनी आधी कोहळा, भोपळा कापून हात तयार करायचा असतो. 'योग्या' म्हणतात त्या सरावाला. तो शिकवणारे दिवोदास धन्वंतरी तर काशीचे राजे. कोहळा कापणाऱ्याला कुणी रिकामा म्हणत नाही; शेजारी गुरू उभा असतो म्हणून असेल का?

भाचा रोज सकाळी त्याच काशीत, रामघाटाच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसतो. पदवी मिळून तीन वर्षं झाली. रेल्वे, बँक, जो फॉर्म निघेल तो भरतो. काय करतोस विचारलं की म्हणतो, "तयारी." गंगेच्या ओलाव्यानं वहीचे कोपरे वळलेत. एकच गणित चारदा सोडवलेलं आणि समासात सेकंद लिहिलेले: 52, 47, 44, 41.

याच रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयात अहिल्यानगरच्या एकोणीस वर्षांच्या देवव्रत महेश रेखे यांनी 2025 मध्ये, 2 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर, दंडक्रम पारायण केलं. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे सुमारे 2000 मंत्र, पोथी न बघता. दंडक्रमात पदं पुढे म्हणत जायचं, उलटं मागे यायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करून एक पद पुढे सरकायचं. दर फेरीला वाट लांबते. ती बातमी वाचताना माझे डोळे भरून आले. हा मुलगा कमावतो किती, हा प्रश्न मला शिवलाही नाही. भाच्याला मात्र मी तो दर महिन्याला विचारतो.

पारायण पुरं होतं, हे खरं. पण पुरं होण्याआधीची वर्षंही तशीच, तेच ते पुन्हा म्हणण्यात गेली असणार. त्या वर्षांना मी काय म्हटलं असतं? आणि भाच्याचं वय तर फॉर्मावरच्या वयोमर्यादेकडे सरकतंय. मंत्राला तशी मर्यादा नसते. की हीसुद्धा मी माझी समजूत काढतोय?

आज पायऱ्यांवर त्याच्याजवळ बसलो. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. "मामा, टायमर लाव ना."

मी लावला. तेच गणित. 43 आले. त्यानं समासात लिहिलं आणि पान न उलटता पुन्हा पेन्सिल टेकवली.