आजींची प्रार्थना

रविवार. पहाटेच्या एसटीने नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूर गाठलं. उपासना भाड्याच्या हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर. जिन्यात चपलांचा ढीग. पेटीचा एक सूर बसलाय, पण टाळ खणखणीत; ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन तरून गेलं. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा मांडला, तो असाच सतरंजीवरचा असावा. (हे आपलं माझं मत.)

मागे बसलेल्या आजी दर रविवारी पाण्यासाठी प्रार्थना करतात. २०१६ साली दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हापासूनची सवय. आज बाहेर धो धो पाऊस, तरी मागणं तेच. पाळकसाहेब घड्याळ बघतात. आजी थांबत नाहीत.

मग चहा-बिस्किटं. परतीला लोह्यापर्यंत उभाच.