हाताला गुण

आमच्या गंगापुरात डॉक्टरची विद्यापीठाने घेतलेली परीक्षा कुणी जमेस धरत नाही. खरी परीक्षा गावकरी घेतात, आणि प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे तीच असूनही भलेभले डॉक्टर नापास होतात.

पहिला प्रश्न चपलांचा. दवाखान्याबाहेर चपला जितक्या जास्त, तितका डॉक्टर हुशार. मी बी.कॉम. झालो, बँकेत वीस वर्षे काउंटरला बसलो, पण हा न्याय मला अजून उमगलेला नाही. आमच्यापुढे रांग लागली की कारकून कामचुकार, आणि दवाखान्यापुढे लागली की डॉक्टर धन्वंतरी!

दुसरा प्रश्न सुईचा. लासूर स्टेशनहून एसटीचं तिकीट काढून आलेल्या माणसाला नुसत्या गोळ्या देणं म्हणजे लग्नाला बोलावून चहावर बोळवण करणं. सुई हवीच, जमलं तर सलाईन. त्या बाटलीत बहुधा लिटरभर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ असतं, असं मी एकदा एका खातेदाराला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "असंल साहेब, पण घरच्या मिठाला ती ताकद न्हाई ना!"

तिसरा प्रश्न अक्षराचा. औषधाचं मूळ नाव सुवाच्य लिहावं, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने 2016 साली केला. पण वाचता आलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणार कोण? तसली सही आली तर मी चेक परत पाठवतो. मेडिकलवाला मात्र त्याच रेघोट्या पाहून तीन पट्ट्या काढून देतो.

शहाण्या जगात हा हिशेब निराळा मांडतात. अमेरिकेतल्या अव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 साली सांगून ठेवलं की तीन गोष्टी पाहा: दवाखान्यात काय आहे, तिथे काय करतात, आणि रोग्याचं पुढे काय होतं. आम्ही पहिल्याच खात्यात, म्हणजे टीव्ही आणि काचेच्या पेटीतले मासे पाहून, सगळे मार्क देऊन मोकळे होतो.

दुसऱ्या खात्याचे आकडेही आहेत. 67 देशांच्या अभ्यासांचा एक आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर एका रोग्याला स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं देतो, बांगलादेशात 48 सेकंद. 48 सेकंदांत आमच्याकडे पासबुकसुद्धा भरून होत नाही. माणूस कसा तपासून होणार?

तिसरं खातं म्हणजे आपला 'हाताला गुण'. आता सर्दी-ताप बहुतेक वेळा आपोआप उतरतो. पण जमा होतो तो शेवटच्या सुईच्या नावावर.

आमच्या शेजारचे अण्णा एकदा छातीत जळजळतंय म्हणून एका नव्या डॉक्टरकडे गेले. बाहेर चपलांचे जेमतेम दोन जोड. डॉक्टरने घाम कधी आला, हात दुखतो का, वडील कशाने गेले, सगळं विचारलं. पट्टी काढून पाहिली, एक गोळी चघळायला दिली, आणि स्वतः फोन करून गाडी बोलावून अण्णांना संभाजीनगरला घाटीत धाडलं. सोबतच्या चिठ्ठीवर काय झालं, काय दिलं, किती वाजता, सगळं स्वच्छ अक्षरात. घाटीतले डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं.

अण्णा आठ दिवसांनी चालत घरी आले. मी भेटायला गेलो आणि विचारलं, "कसा आहे हो तो डॉक्टर?"

"कसला डॉक्टर!" अण्णा म्हणाले. "नुसत्या चौकशा. साधी सुईसुद्धा टोचली नाही. जे केलं ते घाटीवाल्यांनी केलं."

काकू आतून पाणी घेऊन आल्या. पेला माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "ह्यांचं ऐकू नका भाऊजी. मी नंबर लिहून ठेवलाय त्याचा, देवाच्या फोटोमागं."