सही कोणाची?

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ जब्बार पटेलांनी १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आणले. मी ते खूप नंतर, अब्बांसोबत गिरगावात पाहिले. घाशीरामाने पोटची मुलगी नानाला दिली, नानाने त्याला कोतवाली दिली. जुलूम घाशीरामाने केला, शेवटी दगडही त्यालाच बसले. बुद्धिमान नाना उत्सवाचा हुकूम देऊन मोकळा!

परळला परतताना मी नानालाच दोष देत होतो. अब्बा म्हणाले, “बेटा, नाना ओळखलास. घाशीराम ओळखलास का?”

मी गप्प झालो. चाळीतल्या एका शिकलेल्या साहेबांच्या सांगण्यावरून शेजाऱ्याविरुद्धच्या अर्जावर मी पहिली सही केली होती. साहेबांची सही त्यावर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दारात जाऊन मी माफी मागितली.