न्यूयॉर्कमधील बाळाची खोली आणि भंडाऱ्याचा बाळंतविडा

'नर्सरी' हा शब्द भंडारा जिल्ह्यात रोपवाटिकेसाठी किंवा लहान मुलांच्या पहिल्या शाळेसाठी वापरला जातो. न्यूयॉर्कमध्ये मात्र बाळ जन्मण्याआधीच रंगवून, सजवून ठेवलेली त्याची स्वतंत्र खोली असा त्याचा अर्थ होतो. तुमसर, पवनी किंवा साकोलीकडून येऊन क्वीन्स भागात भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या कुटुंबाजवळ अशी खोली बहुधा नसते, आणि त्यावाचून बाळाचे काही अडतही नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी पहिले किमान 6 महिने बाळाला आईवडिलांच्याच खोलीत झोपवण्याचा सल्ला देते, त्यामुळे बाळंतिणीची बाज आणि बाळाचा पाळणा एकाच खोलीत ठेवण्याची गावाकडची रीत या मुद्द्यावर योग्यच ठरते. मात्र बाळाने आईच्या बाजेवर किंवा खोलगट झोळीत न झोपता स्वतःच्या घट्ट, सपाट गादीवर उताणे झोपावे, असाही त्या सल्ल्याचा आग्रह आहे. मग विचार करायचा तो त्या एकाच खोलीत काय येऊ द्यावे आणि काय बाहेर ठेवावे याचा.

त्यात पहिला विचार शिशाचा करावा लागतो. शिसे हा जड धातू रक्तात गेला की वाढत्या मेंदूला इजा करतो, आणि बालकांसाठी त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. न्यूयॉर्क शहराने घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगावर 1960 मध्ये बंदी घातली आणि साऱ्या अमेरिकेत ती 1978 मध्ये आली. पण शहरातील असंख्य इमारती त्याहून जुन्या असल्यामुळे नव्या थरांखाली तो रंग अजून टिकून आहे, आणि लाकडी खिडकी वरखाली सरकवताना तो घासला जाऊन त्याची धूळ चौकटीवर व जमिनीवर साचते. रांगणारे बाळ त्या धुळीत हात टेकवते आणि तीच बोटे तोंडात घालते. म्हणून 1960 पूर्वी बांधलेल्या भाड्याच्या इमारतीत 6 वर्षांखालील मूल राहत असेल, तर पोपडे सुटलेला रंग सुरक्षित पद्धतीने दुरुस्त करून देण्याची जबाबदारी शहराच्या 2004 च्या कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नव्याने आलेली कुटुंबे मालकाशी वाकडे नको म्हणून स्वतःच पॉलिश पेपर घेऊन भिंत घासायला बसतात. परक्या शहरातला हा भिडस्तपणा समजण्यासारखा असला तरी बाळासाठी तो घातक आहे, कारण कोरड्या घासण्याने थरांखाली दबलेले शिसेच हवेत उडते. ओल्या फडक्याने खिडक्या पुसत राहावे आणि मालकाने दुर्लक्ष केल्यास 311 या क्रमांकावर शहराकडे तक्रार नोंदवावी. असे करणे हा उद्धटपणा नाही.

शिसे बाळंतविड्यातूनही येऊ शकते, हे सांगणे अधिक जड जाते. बाळंतविडा म्हणजे बाळ-बाळंतिणीसाठी मायेने पाठवलेली भेट. तिच्यात झबली, टोपरी, दुपटी यांच्यासोबत काजळाची डबी असते, आणि पाठवणारे घर भंडाऱ्याचे असले तर पितळी वाटी-चमचाही असतो, कारण पितळी भांडी ही त्या शहराची ओळख आहे. बाजारात मिळणारा सुरमा आणि काही काजळे शिशाच्या संयुगापासून बनवलेली असतात, त्यामुळे अमेरिकेत ती विकण्यास परवानगी नाही. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असला तरी तो घडवणे सोपे जावे म्हणून त्यात कधी कधी शिसेही मिसळले जाते, आणि नुसत्या डोळ्यांना ते ओळखता येत नाही. अशी वाटी देवघरात सन्मानाने ठेवावी, पण तिने बाळाला दूध पाजू नये.

फर्निचरबद्दल थोडक्यात सांगता येते. लाकडाचा भुसा व चिपा दाबून केलेल्या स्वस्त फळ्यांतील डिंकामधून फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू हळूहळू सुटत राहतो, म्हणून जुने, भरीव लाकडाचे कपाट खोलीलाही बरे आणि पर्यावरणालाही. जुन्या पाळण्याच्या बाबतीत मात्र साल पाहावे लागते, कारण एक बाजू खाली सरकणारे पाळणे बाळे अडकून दगावल्यामुळे अमेरिकेत 2011 पासून विक्रीतून बाद झाले आहेत.

सर्वांत मोठा प्रश्न उबेचा आहे. गावाकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात आणि ओव्याची धुरी देतात; न्यूयॉर्कच्या बंद खिडक्यांच्या घरात त्याच निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला वायू जीव घेऊ शकतो. शहराच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात बाहेर थंडी असताना घर दिवसा किमान 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे 20 अंश सेल्सिअस, उबदार ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. तरीही वाफेचे रेडिएटर थंड पडतात आणि मग विजेचा सुटा हीटर रात्रभर चालू राहतो. 9 जानेवारी 2022 रोजी ब्रॉन्क्समधील एका उंच इमारतीत अशाच हीटरमुळे आग लागली, उघड्या राहिलेल्या दारांतून धूर जिन्यांत पसरला आणि 17 माणसे मरण पावली, त्यांत 8 मुले होती. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, 9 जानेवारी 2021 च्या पहाटे, भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागून 10 बाळे दगावली होती आणि 7 बाळांना वाचवता आले होते. भंडाऱ्यातील कोणत्याही कुटुंबाला हा दिवस विसरता येणार नाही. म्हणून भिंतींचा रंग निवडण्याआधी धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी यंत्रे वाजतात का, घराचे मुख्य दार सोडल्यावर आपोआप लागते का आणि एका एक्स्टेन्शन बोर्डावर किती उपकरणे लोंबत आहेत, हे पाहणे हे या खोलीच्या तयारीचे पहिले काम ठरते.

हीटरची गरज बरीचशी कपड्यांनी भागते. सुती झबले, त्यावर दुसरे झबले आणि बाहेरून अंगाला बसणारी, हात मोकळे ठेवणारी झोपण्याची पिशवी एवढे पुरते. खोली गरम असताना डोक्यावर टोपरे ठेवणेही योग्य नाही, कारण बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता बऱ्याच अंशी डोक्यावाटे बाहेर पडते आणि फार तापणे हा झोपेतील आकस्मिक मृत्यूचा एक धोका मानला जातो. आजीच्या जुन्या लुगड्यांची, अनेकदा धुऊन मऊ झालेली गोधडी ही साऱ्या बाळंतविड्यातली सर्वांत निर्मळ वस्तू आहे, कारण तिच्यासाठी नवे काहीच तयार करावे लागलेले नसते. तोंडावर येण्याच्या भीतीने पहिले वर्षभर ती पाळण्यात ठेवता येत नाही. दिवसा मात्र पुसलेल्या जमिनीवर ती चौघडी अंथरावी, बाळाला जागेपणी तिच्यावर पालथे घालावे आणि कुणीतरी शेजारी बसून राहावे.