सगळी बिलं आहेत

तर झालं असं, की परवा शनिवारी मी एक गाडी बघून आलो. घ्यायला नाही, नुसती बघायला. (हे वाक्य आमच्या घरात कुणीच खरं मानत नाही.)

जाहिरात चार ओळींची होती. प्युजो २०५ जीटीआय, १.९ लिटर, सन १९८९, लाल, ६१ हजार मैल, १९९३ पासून एकाच माणसाकडे. आणि शेवटी, 'सगळी बिलं आहेत.' या तीन शब्दांसाठी मी कॉव्हेंट्रीहून पन्नास मैल गेलो.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॅचबॅक म्हणजे मागचा दरवाजा काचेसकट वर उघडणारी छोटी गाडी, आपल्या मारुती ८०० सारखी. अशा भाजी आणायच्या गाडीत १९७६ साली फोक्सवॅगनने ११० हॉर्सपॉवरचं इंजिन घातलं आणि तिला गोल्फ जीटीआय म्हटलं. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ असा त्यांचा हिशोब होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर गेल्या. मग सगळेच तशा गाड्या काढू लागले. प्युजोची २०५ जीटीआय १९८४ ची. पुढे तिला १.९ लिटरचं १३० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळालं, आणि गाडीचं वजन साधारण ९०० किलो. आजची साधी घरगुती गाडीसुद्धा याहून कितीतरी जड असते.

मालक सत्तरीचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. क्लच दाबवत नाही म्हणून विकतायत. गॅरेजचं दार वर केलं आणि आधी दिसला तो आतला लाल गालिचा. या गाडीचा गालिचा लालभडक असतो, बंपरवर लाल रेघ असते. पस्तीस वर्षांत गालिचाचा लाल रंग विटून विटकरी व्हायला हवा होता. तो झाला नव्हता. ड्रायव्हरच्या टाचेखाली तेवढा थोडा झिजलेला. खरं सांगू का, तो झिजलेला भाग मला सगळ्यात आवडला. ही गाडी शोकेसमधली नव्हती, चालवलेली होती.

आणि मग ती फाइल. टायमिंग बेल्ट कधी बदलला, ब्रेक ऑइल कधी बदललं, सगळं तारखेनिशी. या गाडीचा ठरलेला आजार म्हणजे मागचा ॲक्सल. त्यातल्या सुईसारख्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं, ती गंजतात, झिजतात आणि मागची चाकं वरच्या बाजूने आत कलायला लागतात. मी मागे उकिडवा बसून चाकं बघत होतो तर ते हसले आणि फाइलमधलं पान काढून दिलं. अख्खा ॲक्सल नव्याने बांधून घेतलेला, २००९ साली. २००५ नंतरची एमओटी तपासणी इथे सरकारी साइटवर नंबर टाकला की दिसते. ती मी आदल्या रात्रीच पाहिली होती. मैलांचे आकडे जुळत होते.

१९९० च्या आसपास इथली पोरं अशा गाड्या चोरून रात्रभर उडवायची आणि कुठेतरी ठोकून सोडून द्यायची. इन्शुरन्स इतका वाढला की लोकांनी कंटाळून विकल्या. त्या सगळ्यातून ही वाचली, कारण एका माणसाने रोज रात्री गॅरेजला कुलूप लावलं.

चालवायला दिली. स्टिअरिंगला पॉवर नाही, गाडी वळवून बाहेर काढताना घाम फुटला. पण रस्त्याला लागल्यावर तीस मैलांच्या वेगातही रस्त्याचा खडा न् खडा हाताला कळत होता. "वळणावर घाबरून पाय एकदम उचलू नका," ते म्हणाले, "मागची बाजू पुढे येऊ बघते." मी आज्ञाधारकपणे उचलला नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या अण्णाकाकांकडे डोंबिवलीत प्युजो ३०९ होती. नव्वदच्या दशकात थोडी वर्षं ती कल्याणला बनत होती. (पाच दरवाज्यांच्या २०५ चे दरवाजेच ३०९ ला लावलेले असत, हे मला इथे आल्यावर कळलं.) काका दर रविवारी ती पुसायचे. एकदा क्लच केबल तुटली. कुर्ल्याला मिळेल, असं कुणीतरी सांगितलं. मी तेव्हा कॉलेजला, रोज लोकलने त्याच बाजूला जाणारा. "आणतो काका," म्हटलं. दोनदा म्हटलं. गेलो नाही. गाडी पावसाळाभर कंपाउंडमध्ये उभी राहिली, मग दुसराही पावसाळा, मग भंगारवाला आला. काका त्यावर मला कधी एक शब्द बोलले नाहीत. हा ब्लॉग ते वाचतात, म्हणून इथे लिहितोय. तोंडावर बोलायला जमलेलं नाही.

त्यामुळे मालकांनी "ठेवणार कुठे?" असं विचारलं तेव्हा मी गडबडलो. रस्त्यावर, घरासमोर, म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दोन्ही तळवे टेकवून हळूच बॉनेट बंद केलं. मग म्हणाले, "बुधवारपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवत नाही."

किंमत लिहीत नाही, आई वाचते.

बायको म्हणाली, "आधी शेडमधल्या तुझ्या सायकलची चेन बघ." बरोबरच आहे. चेन गंजून लाल झालीय, आणि आमच्या रोजच्या गाडीचं सर्व्हिसिंगही राहिलंय. मला गाडी आवडली, की तीस वर्षं एक वस्तू नीट ठेवणारा माणूस आवडला, हे मला अजून ठरवता येत नाहीये. फाइल विकत मिळते, सवय कुठून आणणार?

रविवारी काकांना फोन केला. गाडीचं सगळं वर्णन ऐकून घेतलं त्यांनी. नंतर विचारलं, "क्लच केबल कधी बदललीय?"

मी मोबाइलवर काढलेले बिलांचे फोटो उघडले. २०१७.

"मग एक जास्तीची घेऊन ठेव," काका म्हणाले.

आमच्या गल्लीच्या मागे एक गॅरेज भाड्याने द्यायचंय, पाटी लावलीय. उद्या सकाळी फोन करतो.