परदेशी जाण्याआधीचं खातं

कोकणातल्या आपल्या घरांतून कोणी आखाताला निघालं की तयारीची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. मसाल्याचा डबा, सुक्या मासळीची पुडी, घट्ट झाकणाची लोणच्याची बरणी, नवे कपडे, जानमाज आणि दुआंची छोटी पुस्तिका. व्हिसा, मेडिकल आणि तिकीट यांच्यामागे कंपनी किंवा एजंट असतो, त्यामुळे ती कामं वेळेत होतात. बँकेच्या कामामागे मात्र कोणीच नसतं. 'आधी पोचू तर दे, मग बघू' असं म्हणून ते मागे पडतं आणि ज्या कमाईसाठी माणूस घरदार सोडतो, ती कोणाच्या नावावर यायची, कोणाच्या हाताने खर्च व्हायची, हे न ठरताच विमान उडतं.

आमचा धाकटा मुलगा नोकरीसाठी कतारला निघाला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की हे काम तिकिटाच्या आधी करायचं. मुलगा, सून आणि आम्ही असे चौघे एका रात्री इशाच्या नमाजनंतर कागद-पेन घेऊन बसलो. त्या बैठकीत आणि पुढच्या बँकेच्या फेऱ्यांत जे समजलं, ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

परदेशातली कमाई आमच्या घराला नवी नाही. आजोबा मुंबईहून बोटीवर जाणारे खलाशी होते. त्यांचे पैसे सुटीवर येणाऱ्या गाववाल्याच्या हातून येत, शिलाई घातलेल्या बटव्यातून. तेलाचे भाव वाढल्यावर १९७० च्या दशकात गावोगावची तरुण पोरं आखाताकडे वळली, त्यांत आमचे अब्बाही होते. ते ड्राफ्ट काढून रजिस्टर टपालाने पाठवत. अम्मीचं खातं नव्हतं, म्हणून ड्राफ्ट थोरल्या चुलत्यांच्या नावाचा असे. चुलते नेक माणूस. पै-पैचा हिशेब वहीत लिहून ठेवायचे, अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. पण मुलांची फी असो, डॉक्टरचं बिल असो की ईदचं कापड, अम्मीला अंगण ओलांडून त्यांच्या दारात जावं लागे. नवऱ्याच्या घामाचा पैसा दिराकडे मागायचा. चुलत्यांनी कधी 'नाही' म्हटलं नाही, तरी मागणं ते मागणंच. अम्मी त्याबद्दल कधी बोलली नाही, पण आम्हाला मुली झाल्या तेव्हा तिने पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की यांच्या नावाची पासबुकं काढा.

सगळीच घरं आमच्यासारखी नशीबवान नसतात. नात्यातल्या एका घरी भाऊ वीस वर्षं पैसे पाठवत राहिला, तेही थोरल्या भावाच्या खात्यात. त्यातून घर बांधलं, बहिणींची लग्नं झाली, बाग घेतली. तो अचानक तिकडेच वारला. त्यानंतर त्याच्या बेवेला सांगता येईना की यातलं तिच्या मुलांचं किती. थोरला भाऊ लबाड नव्हता, पण वीस वर्षांचा पैसा एकत्र मिसळलेला, कागद एकही नाही. जमातीचे बुजुर्ग बसले, तोडगा निघाला, पण दोन घरांतलं येणंजाणं थांबलं ते थांबलंच. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. विश्वास नाही म्हणून लिहायचं असतं, असा समज आपल्याकडे आहे. आमच्या मते लिहून ठेवल्यामुळेच विश्वास टिकतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपल्या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १९९९ च्या फेमाप्रमाणे, नोकरीसाठी देश सोडलेला माणूस 'अनिवासी' ठरतो. मग त्याचं इथलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. बरेच जण वर्षानुवर्षं जुन्याच खात्यात पैसे पाठवत राहतात आणि काही होत नाही म्हणून निश्चिंत असतात. पण कर्ज, घरखरेदी किंवा चौकशीची वेळ आली की तेच खातं अडचणीत आणतं.

अनिवासी माणसाला मुख्यतः दोन खाती लागतात. एनआरई खातं हे परदेशातल्या कमाईसाठी. पैसे बाहेरून येतात, रुपयांत जमा होतात आणि लागले तर पुन्हा बाहेर नेता येतात. त्याला सहसा बंधन नसतं. एनआरओ खातं हे भारतातल्या उत्पन्नासाठी. आमच्या मुलाच्या नावावर बाजारात एक गाळा आहे, त्याचं भाडं येतं. ते भाडं सहसा एनआरओमध्ये येतं; त्यावरचा कर भरलेला असेल तर एनआरई खात्यातही भरता येतं. एनआरओतून परदेशी पैसे नेण्याला वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे. आपल्यासारख्यांना त्या मर्यादेशी काही घेणंदेणं नाही, पण कराचे कागद मात्र द्यावे लागतात.

हे काम निघण्याआधी का करायचं, त्याचं साधं कारण आहे. इथे असताना माणूस स्वतः शाखेत जातो, मूळ पासपोर्ट दाखवतो, समोर सही करतो. तिकडे गेल्यावर तेच कागद आपल्या वकिलातीतून किंवा तिथल्या नोटरीकडून साक्षांकित करून पाठवावे लागतात. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळणाऱ्या माणसाला त्यासाठी पगार बुडवावा लागतो. आम्ही पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं कंत्राट, पॅन कार्ड आणि फोटो घेऊन गेलो. शाखेने अर्ज घेतला आणि तिकडचा पत्ता व ओळखपत्र मिळाल्यावर पाठवा, असं सांगितलं. प्रत्येक बँकेची पद्धत थोडी वेगळी असते, म्हणून आधी एकदा नुसतं विचारायला जावं आणि कागदांची यादी लिहूनच आणावी.

मोबाईल क्रमांकाचंही तेव्हाच ठरवावं. बँकेचा ओटीपी ज्या क्रमांकावर येतो, ते सिम बंद पडलं की खातं असून नसल्यासारखं. मुलाने इथलं सिम रोमिंग चालू करून सोबत नेलं आणि तिकडचा क्रमांक मिळाल्यावर बँकेत नोंदवला. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या मोबाईल क्रमांकांवरून एनआरई आणि एनआरओ खात्यांसाठी यूपीआय वापरायला परवानगी मिळाली. त्यांत कतार, ओमान, सौदी अरब आणि अमिराती आहेत.

तिकडच्या खात्याचं काय? ते इथून उघडून जाता येईल का, असं मुलाने विचारलं होतं. पगाराचं खातं तिथलं रहिवासी ओळखपत्र हातात आल्यावरच उघडतं. कतारमध्ये २०१५ पासून पगार बँकेतूनच देण्याचा नियम आहे. अमिरातीत ही व्यवस्था २००९ पासून आहे. कामगाराच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. पगार थकला किंवा कमी दिला तर खातंच साक्ष देतं. पण ओळखपत्र यायला आणि पहिला पगार जमा व्हायला वेळ लागतो. तेवढे दिवस भागेल इतके रियाल आम्ही इथूनच बरोबर दिले. मुलाला एक ताकीदही दिली: एटीएम कार्ड आणि पिन कोणाला द्यायचं नाही. खोलीतला सोबती कितीही जिवाभावाचा असला तरी त्याचे पैसे आपल्या खात्यातून फिरवायचे नाहीत.

खातं उघडताना आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो, तो व्याजाचा. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी मुलाला मोठ्या आपुलकीने सांगितलं की एनआरई मुदत ठेवीच्या व्याजावर भारतात कर नाही, सगळा पैसा त्यातच ठेवा. सून हळूच म्हणाली, "कर नसला तरी व्याज ते व्याजच ना, अब्बा?" मुदत ठेव आम्ही घेतली नाही. बिनव्याजी चालू खातं एनआरई प्रकारातही मिळतं, पण त्यात किमान शिल्लक सहसा जास्त ठेवावी लागते आणि नव्याने नोकरीला लागलेल्याला ते जड जातं. म्हणून बचत खातं घेतलं आणि आमच्या मौलाना साहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं की जमा झालेलं व्याज वेगळं मोजावं, स्वतःवर खर्च करू नये आणि सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकावं. सून दर तिमाहीला पासबुकावरून तो आकडा वहीत उतरवते. त्याच वहीत जकातीचाही हिशेब आहे. निसाबाइतकी शिल्लक चांद्रवर्षभर राहिली की अडीच टक्के. पैसा घरात डब्यात आणि दहा हातांत विखुरलेला असला तर हा हिशेब अंदाजाने होतो. खात्यात असला की चोख होतो.

मग आमच्या बैठकीतला सर्वांत नाजूक प्रश्न आला. पैसे काढायचे कोणी? एनआरई खात्यात भारतात राहणाऱ्या जवळच्या नातलगाचं नाव जोडता येतं, पण ते 'पहिला किंवा हयात' या पद्धतीने. म्हणजे मुलगा हयात असेपर्यंत खातं त्याचंच. सुनेला व्यवहार करायचा असेल तर मुलाने तिला लेखी अधिकारपत्र द्यावं लागतं. त्या अधिकारात तिला इथले खर्च भागवता येतात. त्या पैशातून कोणाला भेट म्हणून रक्कम देता येत नाही. नाव जोडलं की झालं, अशा समजुतीत पुष्कळ घरं राहतात आणि ऐन गरजेला बँकेतून रिकाम्या हाती परततात.

नामनिर्देशनाबद्दलही गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे पैशाचा मालक नव्हे. बँकेकडून रक्कम स्वीकारणारा तो अमानतदार. खरी वाटणी वारसा कायद्याने, म्हणजे आपल्यात शरीअतने ठरलेल्या हिश्श्यांप्रमाणे होते. न्यायालयांनीही हेच सांगितलं आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. मुलाने सुनेचं नाव लिहिलं, तेव्हा आम्ही तिला आईबापाच्या नात्याने एवढंच सांगितलं की हे नाव म्हणजे जबाबदारी आहे, आणि या जबाबदारीला तू लायक आहेस.

महिन्याच्या खर्चासाठी मात्र आम्ही आणखी सोपा मार्ग काढला. सुनेचं स्वतःचं बचत खातं लग्नाआधीपासून आहे. तिच्या महेरचे पैसे त्यातच जमा झाले होते. घरखर्च दर महिन्याला थेट त्या खात्यात येतो. आम्हाला मुलगा जे देतो ते आमच्या खात्यात वेगळं. उरलेलं एनआरईत राहतं. बायको-मुलांचा खर्च उचलणं हे नवऱ्यावरचं कर्तव्य आहे आणि स्त्रीच्या स्वतःच्या मालावर तिचाच हक्क, हे आपण वाजमध्ये शेकडो वेळा ऐकलेलं असतं. खात्यांची रचना तशी केली की ते घरात दिसू लागतं. गावात एक-दोघांनी विचारलं, "सुनेच्या हातात सगळं दिलंत?" आम्ही म्हटलं, सगळं नाही दिलं, तिचं होतं तेवढं तिला दिलं.

हवालाविषयी दोन शब्द. 'भाव जास्त मिळतो, आज दिले की संध्याकाळी घरपोच' असं सांगणारा माणूस प्रत्येक कॅम्पात भेटतो. तो मार्ग फेमाखाली बेकायदा आहे, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा पत्ता नसतो, आणि रक्कम बुडाली तर दाद मागायची कुठे? शिवाय त्याचा कागद मागे राहत नाही. हलाल कमाईला बेकायदा वाटेने घरी आणायची आपल्याला गरज काय? चार पैसे कमी मिळाले तरी बँकेतून किंवा परवानाधारक एक्सचेंजमधून आलेला रुपया उद्या मुलांच्या शिक्षणाला, घराच्या कर्जाला ताठ मानेने दाखवता येतो.

मुलगा कधीतरी कायमचा परत येईल, इन्शाअल्लाह. तेव्हा बँकेला कळवून ही खाती पुन्हा साध्या खात्यात बदलायची, हेही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

ज्या घरात कोणी निघायच्या तयारीत आहे, त्यांना आमची विनंती एवढीच की एक रात्र काढा. निघणारा, त्याची बायको आणि आईबाप एकत्र बसा. कोणाचं किती, कोणाच्या नावावर, कोणाच्या सहीने, हे प्रेमात असताना ठरवा. मन दुखावल्यावर ठरवायला गेलं की तेच शब्द टोचतात. अल्लाह तआला परदेशी कष्ट करणाऱ्या आपल्या मुलांच्या रिज्कात बरकत देवो, आणि ते रिज्क सांभाळणाऱ्या हातांना अमानतदारीची तौफीक देवो. आमीन.