न झालेलें ‘झालें’

आमच्या चिरंजीवांनीं कचेरींतील प्रकल्पांचीं कामें मांडावयाचें सॉफ्टवेअर घरच्या कामांसाठींहि योजिलें. काम एकदां लिहावें, तें पुन्हां केव्हां करावयाचें तें सांगावें, म्हणजे यंत्र वेळेवर आठवण देतें. पुनरावृत्ति दोन प्रकारची : एक ठरल्या तारखेस, दुसरी मागील काम पुरें झाल्यापासून अमुक दिवसांनीं. घरपट्टी पहिल्या प्रकारांत बसते. पाण्याची टांकी धुणें दुसऱ्यांत. टांकी चार दिवस उशिरां धुतली, तर पुढची पाळीहि चार दिवस पुढें सरकते.

तिथि मात्र या दोहोंत बसत नाहीं, हें माझ्या ध्यानीं आलें नाहीं. 2022 सालीं सर्वपित्री अमावास्या 25 सप्टेंबरला होती. तीच तारीख मीं ‘दरवर्षीं’ म्हणून घातली. 2023 सालीं श्रावण अधिक आला, आणि ऐन गणेशोत्सवांत यंत्रानें श्राद्धाची आठवण दिली! ती घालविण्यासाठीं मीं ‘झालें’ या खुणेवर बोट ठेवलें. यंत्रानें तें खरें मानून पुढची पाळी 2024 वर नेली. खरी अमावास्या 14 ऑक्टोबरला आली, तेव्हां यंत्र मुकें होतें. सायंकाळीं पंचांग उघडलें तों उमगलें. तीर्थरूपांच्या मागें प्रथमच त्या दिवशीं आमच्या घरीं पितरांचें पान वाढलें गेलें नव्हतें.

अभ्यास न करतां ‘झाला’ म्हणणाऱ्या मुलांवर मीं जन्मभर रागावत आलों. आतां दर 1 मार्चला यंत्र मला एकच काम सांगतें : नवें पंचांग आणून वर्षाच्या तिथींच्या तारखा लिहिणें. त्या लिहून झाल्याखेरीज मी ‘झालें’ म्हणत नाहीं.